कॉफीच्या वेळेची ओहोटी

समुद्रापासून लांबात लांब राहणारी माणसं शोधून त्यांना समुद्रकाठचा नकाशा काढायला बसवावं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते मला कधी कळलं नाही. कळलं असतं तर त्या माणसाला घरी बोलावून कॉफी पाजली असती, कारण नव्वदच्या दशकातली माझी कितीतरी वर्षं त्याच्यामुळे मजेत गेली. मी बंगळूरची. पणजोबांच्याही आधीच्या कुणीतरी इकडे येऊन चिक्कपेटेत कापडाचं दुकान टाकलं, आणि घरात मराठी, दुकानात कन्नड अशी वाटणी करून आमचं घराणं सुखाने राहिलं. आमच्याकडे समुद्र होता तो गोकर्णाहून भरून आणलेल्या एका बाटलीत. आणि माझे साहेब होते नागपूरचे. नागपूर देशाच्या बरोबर मधोमध आहे, कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच, हे ते अभिमानाने सांगत.

आमचं सरकारी ऑफिस मल्लेश्वरममध्ये एका भाड्याच्या घरात होतं. हॉलमध्ये एक मोठं काचेचं टेबल आणि टेबलाखाली ट्यूबलाइटी. उपग्रहाने वरून काढलेलं किनाऱ्याचं चित्र काचेवर पसरायचं, त्यावर पारदर्शक फिल्म चिकटवायची आणि बारीक पेनाने कांदळवनांच्या कडा गिरवायच्या, हे माझं काम. कांदळवन म्हणजे खाडीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी. मासे, खेकडे, कालवं तिच्या मुळांशी वाढतात, आणि वादळ आलं की गावाच्या आधी तीच मार खाते. या चित्रांत झाडं लाल दिसत, पाणी काळंनिळं आणि चिखल राखाडी. नारळी लाल, भात लालसर, कांदळ जरा काळपट लाल. त्या लालांतून आपला लाल वेचायचा.

आईला हे काही केल्या पटत नसे. "काय गे, झाडं हिरवी असतेत म्हणून शाळेत शिकलीस, आता लाल रंगवतीस? आणि समुद्र कुठे, तू कुठे? एवढंच होतं तर स्वल्प समुद्राकडचं स्थळ बघितलं असतं की." मी म्हणे, आई, हे उंटावरून शेळ्या हाकण्याचं काम आहे, त्यात शेळ्यांजवळ राहायची अट नसते. तिला उत्तर आवडलं नाही, पण अटी घालणाऱ्या माणसांकडे मला दिलं नाही याचं तिला समाधान वाटलं असावं.

साहेबांना आम्ही नुसतं सर म्हणत असू. उंच, वाकलेले, पेन कानावर ठेवून तेच पेन शोधणारे. आधीचं सगळं आयुष्य त्यांनी कोळशाच्या खाणींचे आणि सागाच्या जंगलांचे नकाशे काढण्यात घालवलं होतं, निवृत्ती जवळ आल्यावर त्यांच्या पदरात ही खाडी पडली. जयनगरला राहत. त्या वर्षांत बंगळूरमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारी, साइट घेतली का? घर बांधायला जागेचा तुकडा घेणं हाच सगळ्या शहराचा धर्म झाला होता. सर म्हणत, "घेतली ना. उत्तर कन्नड जिल्ह्यात. खाडीमध्ये." विचारणारा हसून निघून जाई. पण सर थट्टा करत नव्हते. खाडीच्या तोंडाशी चिखलाचा एक मोठा मोकळा पट्टा त्यांनी चित्रावरून निवडला होता आणि तिथे ते कांदळ लावत होते.

का, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं मी कागदावर उतरवून राहिलो. दुसऱ्याची खाण, दुसऱ्याचं धरण, दुसऱ्याचं जंगल. जायच्या आधी उपग्रहाच्या चित्रात एक लाल ठिपका माझा यावा. एकच. लय मोठा नको." हे बोलताना त्यांनी काचेवर बोट ठेवून जागाही दाखवली. मला हसू आलं आणि मग हसू आल्याचा राग आला. माणसं यापेक्षा कितीतरी वाईट गोष्टी मागतात.

ठिपका मात्र उगवायला तयार नव्हता. मी येण्याआधी एक लागवड झाली होती, ती पावसाळ्यानंतर मेली. मी आल्यावर दुसरी झाली, तीही मेली. खरं तर कांदळ लावण्याइतकं सोपं काही नाही. त्याची शेंग झाडावर असतानाच अंकुरते, शेवग्याच्या शेंगेसारखी लांब आणि टोकदार होते. ती चिखलात खुपसायची, झालं. इतकं सोपं असल्यामुळे मेली की कुणावर तरी खापर फोडणं भाग होतं. पहिल्या खेपेला संशय म्हशींवर गेला. म्हशी येऊन रोपं तुडवतात असं ठरलं आणि पट्ट्याभोवती बांबूचं भक्कम कुंपण आलं. दुसऱ्या खेपेला कुंपण शाबूत, रोपं गायब. मग संशय खेकड्यांवर. मग शेंगा आणणाऱ्यावर, मग एका बकरीवर, जी त्या तालुक्यातच असेल याची खात्री नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं असं मी एकदा पुटपुटले. सरांनी ऐकलं आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तिसरी लागवड ठरली ती सरांच्या निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात. कुणी मोठे पाहुणे येणार, त्यांच्या हस्ते पहिली शेंग खुपसली जाणार, पत्रिकेत सरांचं नाव. सर इतके खूश होते की ऑफिसात सगळ्यांना मैसूरपाक आला. लागवडीआधी जागा एकदा पाहून यावी म्हणून आम्ही दोघं निघालो.

अशा फेऱ्या आधीही झाल्या होत्या. खाडीकाठचे एक वनरक्षक आमची व्यवस्था बघत. फार अगत्याचे गृहस्थ. साहेबलोकांचे बूट भिजू नयेत म्हणून ते आधी ओहोटीची वेळ काढत आणि बरोबर त्या वेळेला आम्हाला काठावर उभं करत. आम्ही कोरड्या पायांनी पट्टा बघत असू, फोटो काढत असू, मेलेल्या रोपांबद्दल हळहळत असू, आणि त्यांच्या घरी जाऊन माशांचं सार जेवत असू. ही पाहुणचाराची रीत होती. तिच्यात कुणाचंच काही चुकत नव्हतं, म्हणून तर ती इतके दिवस चालली.

या खेपेला मात्र बस घाटात बसली. सकाळी पोचायचं ते आम्ही ऊन डोक्यावर आल्यावर पोचलो. वनरक्षक वाट बघून कुठल्याशा दुसऱ्या कामाला गेले होते. सर म्हणाले, चल, आपणच जाऊन येऊ, माझीच साइट आहे. आम्ही माडांमधून चालत काठावर गेलो.

तिथे साइट नव्हती. पाणी होतं. इकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत नुसतं चकचकीत, शांत, भरलेलं पाणी.

सरांनी नकाशा उघडला, उलटा केला, सुलटा केला. "आपण चुकीच्या खाडीत येऊन राहिलो."

"न्हाई सर. देऊळ तिकडे आहे, जेटी इकडे आहे. खाडी तीच आहे."

"मग प्लॉट कुठे गेला?"

मी बघत राहिले. पाण्याच्या मधोमध बांबूंची टोकं ओळीने वर आली होती, वीतभर. त्यांतल्या एकावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. मी म्हटलं, "सर, तो बसलाय ना, ते आपलं कुंपण." म्हशींसाठी केलेलं कुंपण. तिथवर यायचं तर म्हशीला पोहून, बुडी मारून, श्वास रोखून रोप तुडवावं लागलं असतं. हे मी मोठ्याने बोलले आणि मला इतकं हसू फुटलं की मी माडाला धरून उभी राहिले. सर हसले नाहीत. "भरती असेल," ते म्हणाले. मी म्हटलं, भरतीच आहे, सर. ते बांधाच्या दगडावर बसले. "आता आलोच आहोत तर जाते कधी ते पाहू."

आम्ही बसलो. शेंगदाणे संपले. पाणी हलल्यासारखं वाटे आणि हलत नसे. एक होडी आली, होडीतल्या बाईने आमच्याकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, जमिनीची. ती हसून पुढे गेली. उन्हं कलली तेव्हा कुठे बांबू लांब व्हायला लागले, आणि दिवस मावळायच्या बेताला चिखलाची पाठ वर आली. आम्ही नेहमी बघायचो तो पट्टा, तोच. सरांनी घड्याळ पाहिलं. "एवढा वेळ पाण्यात राहते?" ते म्हणाले. प्रश्न मला नव्हता, घड्याळाला होता. तेवढ्यात वनरक्षक धावत आले आणि हळहळून म्हणाले, साहेब, अवेळी आलात, काहीच नीट बघायला मिळालं नसेल.

बंगळूरला आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती माळ्यावर चढण्याची. माळ्यावर नाकारलेली चित्रं गुंडाळून ठेवलेली असत. त्या खाडीची चित्रं पुष्कळ येत, पण सरांची निवडीची एक पद्धत होती: ज्यात जमीन जास्त आणि स्वच्छ दिसते ते चांगलं, बाकीची गढूळ. उपग्रह किनाऱ्यावरून जाई तो दरवेळी सकाळी एकाच सुमाराला, आमच्या ऑफिसात कॉफी येते त्या वेळेला. भरती-ओहोटी मात्र रोज थोडी उशिरा येते, ती कॉफीची वेळ पाळत नाही. ज्या दिवशी कॉफीच्या वेळेला ओहोटी पडली, त्या दिवशीचं चित्र सगळ्यांत देखणं आलं. तेच निवडलं गेलं, त्यावरून नकाशा झाला, नकाशावरून साइट. मग त्या साइटला भेट द्यायची तीही ओहोटीलाच. समुद्राला आम्ही भेटलोच नव्हतो. तो घरी नसताना त्याच्या घरात जाऊन खोल्या मोजून आलो होतो.

मी गुंडाळ्या सोडून एकेक चित्र काचेवर पसरलं. एकात पट्ट्याची फक्त एक कड. दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्यात काहीच नाही. कांदळाला पाणी हवं, पण पाहुण्यासारखं; यावं, जेवावं, जावं. इथे पाहुणा घरजावई होऊन बसला होता. रोपं बुडून मरत होती आणि आम्ही बकऱ्या शोधत होतो.

सर आले, टेबलाशी उभे राहिले. मी बोलायला सुरुवात केली आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. सगळी चित्रं त्यांनी स्वतः बघितली. मग म्हणाले, "तुला काय वाटते, मला भरती माहीत नाही?"

"माहीत आहे सर. पण आपण कधी तिला विचारलं न्हाई."

"पत्रिका छापायला गेली."

"जाऊ दे की. शेंगा मरणार आहेत."

"लावल्यावर लगेच मरत नाहीत," सर म्हणाले.

हे खरं होतं. पाहुणे आले असते, फोटो निघाले असते, सर हार घालून निवृत्त झाले असते, आणि रोपं मरेपर्यंत त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाकडे गेली असती. त्यांना हे कळत होतं आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "मग लावा. तुमचा ठिपका फोटोत येईल, चित्रात न्हाई येणार." ते छत्री घेऊन निघून गेले. पाऊस नव्हता. मला दिवसभर चैन पडलं नाही. आईने दोनदा विचारलं, सांबारात मीठ कमी झालं काय गे, आणि मी दोनदा हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या आधी आलेले होते. काचेवर जुन्या सर्वेक्षणाचा पिवळा पडलेला नकाशा होता. "पूर्वी कुठे होतं ते पाहून राहिलो," ते म्हणाले, जणू काल काही झालंच नव्हतं. पूर्वी कांदळ होतं ते खाडीच्या आत, वरच्या अंगाला. आता तिथे बांध घालून केलेलं कोळंबीचं तळं होतं, तेही रोग पडून सोडून दिलेलं. बांध तसाच, त्यामुळे भरतीचं पाणी आत येत नव्हतं. जिथे लावायला हवं तिथे पाणीच नाही आणि जिथे आम्ही लावत होतो तिथे पाण्याशिवाय काही नाही. "मग सर, आधी इथे का न्हाई लावलं?" "इथे मालक आहे," सर म्हणाले. "भांडण कोण घेते? चिखलाला मालक नव्हता." मालक नसलेली जमीन सोयीची असते, तिला मालक का नाही हे विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

पत्रिका रद्द झाली. कशी झाली ते मी ऐकलं, कारण सर फोनवर मोठ्याने बोलत. जागा मी चुकीची निवडली, असं त्यांनी तीन निरनिराळ्या साहेबांना तीनदा सांगितलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उठून त्यांच्या कॉफीत साखर घातली. ते बिनसाखरेची पीत.

तळ्याचा मालक निघाला आमच्याच गावचा. शहराबाहेर होसकोटेला त्याचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता. कोळंबीत हात पोळल्यावर त्याने समुद्राचं नाव टाकलं होतं. आम्ही बसने गेलो. मी कन्नडमध्ये बोलायचं, सरांनी मान डोलवायची. मी सांगितलं, अण्णा, तुमचा बांध दोन ठिकाणी फोडू द्या.

"मग तिथे काय लावणार?"

"काही न्हाई."

तो सावध झाला. "काहीच लावणार नाही? मग समारंभ कसला?"

"समारंभ न्हाई. पाणी येईल, जाईल. शेंगा पाण्याबरोबर आपोआप येतील, जिथे पटेल तिथे रुजतील."

"फोटो?"

"कशाचा काढणार?"

त्याने आमच्याकडे असं बघितलं, जणू आयुष्यात पहिल्यांदा त्याला इतके बिनकामाचे सरकारी लोक भेटले असावेत. सरांना राहवलं नाही. त्यांना कन्नड येत होतं ते भाजीवाल्यापुरतं, तेवढ्यात त्यांनी हातवारे करून सांगितलं, बांध स्वल्प, पाणी जास्ती, झाड सरी, म्हणजे झाडाचं ठीक. कारखानदार खो खो हसला आणि कबूल झाला. अट एकच, तिथे पाटी लागायला हवी, पाटीवर त्याचं नाव. सर म्हणाले, मोठ्या अक्षरात लावू. परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, मी काय बोललो ते बरोबर होतं ना? मी म्हटलं, व्याकरण सोडून सगळं.

बांध फुटला, पाटी लागली, सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, सरांनी हजारो झाडं लावली. सर उभे राहून म्हणाले, "एकही जगलं नाही." सगळे पोट धरून हसले, त्यांना तो विनोद वाटला.

दशक संपता संपता त्या खाडीचं नवं चित्र आलं. मी काचेवर पसरलं आणि वरच्या अंगाला, जुन्या तळ्यात, मला काळपट लाल दिसलं. मी दुसरं चित्र काढलं, तिसरं काढलं. आता आम्ही सगळी काढून बघत असू. सगळ्यांत होतं. मी चित्र गुंडाळलं आणि बस पकडून जयनगरला गेले.

सरांनी जेवणाच्या टेबलावरची सगळी भांडी हलवली. भिंग आणलं. मी जागा दाखवायच्या आधीच त्यांनी भिंग तिथे धरलं होतं.  मी म्हटलं, सर, नकाशात कांदळवनाला दोन रंग आहेत, एक लागवडीचा, एक नैसर्गिक. मी याला लागवडीचा देणार आहे.

"कायले? तिथे कुणी शेंग तरी लावली का?"

"तुम्ही मालकाकडे न्हाई गेला असतात तर हे आलं नसतं."

"मी लावलं ते मेलं. हे आपलं आपणच आलं. नैसर्गिक लिही." मग भिंग जरा सरकवून ते म्हणाले, "बांधाला आपण दोन भगदाडं पाडली ना, ती दिसतात का पहा. माझी नजर आता पोचत नाही."

मी भिंग घेतलं. बांध एका बारीक रेषेसारखा दिसत होता, अखंड. या चित्रातला लहानात लहान ठिपका त्या भगदाडांच्या कितीतरी पट मोठा असतो, हे मला माहीत होतं आणि मला शिकवणाऱ्या सरांनाही माहीत होतं.

"न्हाई दिसत, सर," मी म्हटलं.

"नसतीलच दिसत," ते म्हणाले, आणि भिंग माझ्या हातातून घेऊन पुन्हा शोधायला लागले.